अर्धा फोटो

१९६०च्या दशकात पोर्तुगालच्या खेड्यांतले तरुण रात्रीच्या अंधारात फ्रान्सची वाट धरत. देशात सालाझारची हुकूमशाही होती आणि परवान्यावाचून सीमा ओलांडणं हा गुन्हा होता. घरी राहावं तर दारिद्र्य, आणि वर अंगोला-मोझांबिकच्या वसाहती राखण्यासाठी चाललेल्या लढायांत सक्तीची भरती. १९६१मध्ये ज्या राजवटीला गोवा सोडावा लागला, तीच ही राजवट. स्पेनचे डोंगर पायी पार करून देणारे वाटाडे मिळत, पण त्यांच्यावर भरवसा कसा टाकायचा? पैसे आगाऊ घेऊन माणसांना डोंगरात सोडून पळालेले वाटाडेही होतेच. मग या खेडुतांनी एक युक्ती काढली. निघण्याआधी प्रत्येकानं आपला फोटो काढून घ्यायचा आणि तो मधोमध फाडायचा. अर्धा चेहरा वाटाड्याकडे, अर्धा आपल्या खिशात. फ्रान्समध्ये सुखरूप पोचल्यावर खिशातला तुकडा टपालानं घरी धाडायचा. वाटाडा त्याच्याकडचा तुकडा घेऊन दारात उभा राहिला, की घरच्यांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे आणि चेहरा पुरा झाला तरच पैसे मोजायचे.

ही हकिकत लेखक जॉन बर्जर आणि छायाचित्रकार जाँ मोर यांच्या ‘अ सेव्हन्थ मॅन’ या पुस्तकात आहे. पुस्तक १९७५चं. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये अंगमेहनत करणाऱ्या दर सात कामगारांत एक स्थलांतरित होता, त्यावरून हे नाव आलं. स्थलांतर आणि छायाचित्र यांच्या नात्याबद्दल मी जे काही वाचलं, त्यात या फाटलेल्या फोटोइतकं नेमकं दुसरं काही मला सापडलेलं नाही. फोटोचा एक तुकडा नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतो. कधी वाटाड्याच्या, कधी सरकारच्या, कधी एखाद्या अनोळखी माणसाच्या. तो मिळेपर्यंत चेहरा ओळखीचा होत नाही.

या पुस्तकाला पैसा कुठून आला, हेही सांगायला हवं. बर्जरना १९७२मध्ये ‘जी.’ या कादंबरीसाठी बुकर पारितोषिक मिळालं. पारितोषिक देणाऱ्या बुकर मॅकॉनेल कंपनीची संपत्ती कॅरिबियन भागातल्या शंभराहून अधिक वर्षांच्या व्यापारातून आली आहे, हे त्यांनी समारंभातच ऐकवलं. निम्मी रक्कम त्यांनी ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीला दिली आणि निम्मी स्थलांतरित कामगारांवरच्या या कामासाठी ठेवली. ब्रिटिश गयानात या कंपनीचे उसाचे मळे इतके होते, की लोक त्या देशालाच ‘बुकर्स गयाना’ म्हणत. आणि गुलामगिरी संपल्यावर त्या मळ्यांवर राबायला नेलेली माणसं बहुतेक हिंदुस्थानातली होती.

ही माणसं करारावर नेली जात. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चं त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं आणि ती स्वतः गिरमिटिया झाली. ब्रिटिशांनी या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग केला तो मॉरिशसवर. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून निघालेले छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जवळपास पाच लाख माणसं त्याच बंदरात उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, पुष्कळशी तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेली तुलनेनं थोडी. त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले आपले लोक होते. ज्या घाटाच्या पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली, त्याला पूर्वी कुली घाट म्हणत. आज त्याचं नाव आप्रवासी घाट आहे आणि २००६पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बेटावर पाय ठेवताच माणसाला क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, सगळं नोंदवहीत उतरवलं जाई. लिहिणारा कारकून परका, सांगणारा भेदरलेला. नावं ऐकू येतील तशी लिहिली गेली. सखाराम, बाबाजी अशी पाळण्यातली नावं पुढच्या पिढ्यांची आडनावं होऊन बसली. रोमन लिपीत, फ्रेंच-इंग्रजी वळणानं लिहिलेली ही आडनावं आजही तिथल्या दारांवर दिसतात.

१८६०च्या दशकात या नोंदींना फोटोची जोड मिळाली. कॅमेरा तेव्हा नवलाईचा होता. मुंबई-कलकत्त्यात तो संस्थानिकांच्या आणि शेटसावकारांच्या घरी जात होता. मॉरिशसमध्ये तो मजुरापुढे आला, पण हौसेसाठी नव्हे. पाच वर्षांचं गिरमिट संपलेल्या माणसाला ‘जुना आप्रवासी’ म्हणत. करार संपल्यावर तो स्वतःची भाजी पिकवील, फेरी करील, मळ्याकडे फिरकणार नाही, ही मळेवाल्यांची धास्ती. १८६७च्या कायद्यानं अशा प्रत्येक माणसावर स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती केली. सोबत पोलिसांचा पासही हवा. रस्त्यात शिपायानं हटकलं आणि कागद दाखवता आला नाही, तर भटकेगिरीच्या आरोपाखाली अटक. तिकीट हरवलं तर नवं पदरच्या पैशानं घ्यायचं.

या जाचाविरुद्ध १८७१मध्ये एक अर्ज गव्हर्नरकडे गेला. अर्ज लिहायला मदत करणारा आदोल्फ द प्लेविट्झ हा स्वतः मळा सांभाळणारा गोरा माणूस. खाली ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. त्याबद्दल प्लेविट्झला मळेवाल्यांचा मार खावा लागला. पुढे शाही आयोग बसला, १८७५मध्ये अहवाल आला आणि पोलिसांच्या धरपकडीच्या कहाण्या अधिकृत कागदावर आल्या. मला त्या अर्जातला आकडा सारखा आठवतो. पोलिसांच्या सोयीसाठी ज्यांचे चेहरे गोळा केले गेले, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक जणांनी आपणहून आपलं नाव पुढे केलं होतं.

ते फोटो आज मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. साधी पार्श्वभूमी, छातीपर्यंतचं चित्र, समोर रोखलेली नजर. काहींच्या डोक्याला फेटा, काहींच्या अंगावर उघड उसना वाटणारा कोट. बायकांच्या डोईवर पदर. तुरुंगाच्या वहीत शोभावेत असेच फोटो, पण आता त्यांच्याकडे येणारी माणसं वेगळी आहेत. खापरपणज्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून आणलेली नातवंडं-पतवंडं तिथे येतात, नोंद काढून घेतात आणि मूळ गावाचं नाव वाचून दाखवायला सांगतात. घरात ज्याचं एकही चित्र नाही, अशा पूर्वजाचा चेहरा त्यांना पहिल्यांदा दिसतो, तो त्याला जखडण्यासाठी काढलेल्या फोटोत. तो चेहरा जपून ठेवायचा की त्या कॅमेऱ्याचा राग धरायचा? मला वाटतं, दोन्ही करावं लागतं.

मॉरिशसचे मराठी लोक घरात क्रेओल बोलतात, पण मुलं शाळेत मराठी शिकतात, कॅस्कावेलला विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आरती, अभंग, झाकडीची गाणी तोंडी टिकली. कोकणातल्या कुठल्या वाडीतून निघालो, हे मात्र बहुतेक घरांत पुसलं गेलं. ते त्या वहीतच शोधावं लागतं.

वहीत जे नाही ते साहित्यानं लिहिलं. अभिमन्यू अनत यांची ‘लाल पसीना’ ही हिंदी कादंबरी १९७७ची. मळ्यावरचा मार, उपाशी दिवस आणि हळूहळू ताठ होत गेलेला कणा तिच्यात आहे. कवी खाल तोराबुली यांनी १९९२मध्ये ‘कुली’ या शिवीतूनच ‘कुलीत्यूद’ हा शब्द घडवला आणि समुद्रप्रवासालाच आपल्या ओळखीचं उगमस्थान मानलं. काळं पाणी ओलांडलं की जात बुडते, या जुन्या भयाचं त्यांनी नव्या जन्मात रूपांतर केलं. नताशा आपाना यांचं ‘ला मेम्वार देलावे’ २०२३मध्ये आलं. त्यांचे तेलुगू पूर्वज १८७२मध्ये बेटावर उतरले होते. पूर्वजांचे क्रमांक हाती आहेत, पण घरातल्यांनी त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही. त्या अबोल्याभोवती त्या अतिशय संयमानं लिहितात.

माझ्या मनात सर्वांत खोल रुतलेलं पुस्तक मात्र गयानाचं आहे. गायुत्रा बहादूर यांचं ‘कुली वुमन’, २०१३. लेखिकेचा जन्म गयानातला, वाढ अमेरिकेतली, पेशा पत्रकारितेचा. त्यांची पणजी १९०३मध्ये कलकत्त्याहून ‘क्लाइड’ जहाजावर चढली. एकटी, आणि गरोदर. मूल समुद्रावर जन्मलं. ती विधवा होती, टाकलेली होती की पळून निघाली होती? हाती आहे तो फक्त प्रवासाचा परवाना. लेखिका बिहारपासून लंडनच्या दफ्तरखान्यांपर्यंत फिरल्या. पणजीचा स्वतःचा शब्द कुठेच नाही, हे पाहून त्यांनी पुस्तकभर प्रश्न विचारले. काही ठिकाणी तर परिच्छेदच्या परिच्छेद नुसत्या प्रश्नांचे आहेत. उत्तर ठाऊक असल्याचा आव न आणण्यातला हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्याच काळात कॅरिबियन बेटांवर एक धंदा जोरात होता. त्रिनिदादमध्ये फेलिक्स मोरँ या फ्रेंच छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. तिथे आणि इतर बेटांवर हिंदुस्थानी बायकांना उभं करून फोटो काढले जात आणि त्यांची पोस्टकार्डं पर्यटकांना विकली जात. दंडात वाकी, गळ्यात पुतळ्यांसारखी नाण्यांची माळ, नाकात नथ. खाली छापलेलं असे ‘कुली स्त्री’, नाव नसे. मला ते दागिने पाहिले की वेगळं काही दिसतं. बँकेच्या दारात जिला कुणी उभं केलं नसतं, तिची ती शिल्लक होती. मजुरीची चांदीची नाणी सोनाराकडे नेऊन आटवायची आणि अंगावर घालायची. पर्यटकाला जे नटणं वाटलं, ते उसाच्या मळ्यातल्या कित्येक वर्षांच्या घामाचं पासबुक होतं. आपल्या आज्यांच्या पाटल्या-गोठांचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कॅमेऱ्यामागे मात्र नेहमीच गोरा माणूस नव्हता. झांझिबारमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ए. सी. गोमिश आणि कुतिन्यो या गोवेकरांचे स्टुडिओ नावाजलेले होते. सुलतानाचा राजवाडा, लवंगेचे ढीग, अरब व्यापारी, स्वाहिली कुटुंबं त्यांनी टिपली. पोटासाठी घर सोडलेल्यांनी दुसऱ्यांच्या घराची आठवण जपली. जानेवारी १९६४मध्ये तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या, अरब आणि भारतीय कुटुंबं जीव घेऊन पांगली. तिथेच जन्मलेले अब्दुलरझाक गुर्ना कोवळ्या वयात इंग्लंडला आले आणि २०२१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या ‘बाय द सी’ कादंबरीतला म्हातारा निर्वासित दुसऱ्याच माणसाच्या नावाच्या पासपोर्टवर इंग्लंडच्या विमानतळावर उतरतो. त्याच्याजवळच्या पेटीत ऊद आहे. तो अधिकारी काढून घेतो. चेहरा याचा, नाव त्याचं, आणि उरलेला एकमेव आपला असा सुगंध तोही जप्त. मॉरिशसच्या तिकिटापासून इथपर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी टेबलापलीकडचा माणूस तेच तपासतो आहे.

सरतेशेवटी पुन्हा जाँ मोर. जिनिव्हाचा हा छायाचित्रकार तरुणपणी, १९४९च्या सुमारास, रेडक्रॉसबरोबर पॅलेस्टिनी निर्वासितांत काम करून आला होता. १९८३मध्ये पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांची परिषद जिनिव्हात भरणार होती. जेरुसलेममध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सैद त्या परिषदेचे सल्लागार होते. मोरना पाठवून तिथल्या लोकांचे फोटो काढून आणावेत आणि सभागृहाच्या दालनात लावावेत, असं त्यांनी सुचवलं. मोर गेले, फोटो आले. मग निरोप मिळाला, की फोटो लावा, पण खाली काही लिहू नका. परिषदेत सहभागी असलेल्या काही देशांचीच तशी इच्छा होती. खूप घासाघीस झाल्यावर तोडगा निघाला तो एवढाच, की देशाचं किंवा जागेचं नाव चालेल. जॉर्डन, सीरिया, गाझा. त्यापलीकडे एक शब्द नाही.

जो मजकूर तिथे लावू दिला नाही, तोच सैद यांनी मग मोर यांच्या फोटोंसह पुस्तकात लिहिला. ‘आफ्टर द लास्ट स्काय’, १९८६. आपल्याच माणसांकडे एका युरोपियनाच्या डोळ्यांनी पाहावं लागतंय, ही सल ते लपवत नाहीत. पुस्तकातल्या फोटोंत एका म्हातारीचा चेहरा आहे. सुरकुतलेला, बोलका. सैद यांनी तो पाहिला होता, पण ती बाई कोण, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तो त्यांच्या बहिणीच्या नजरेला पडला. तिनं पाहताक्षणी त्या बाईचं नाव घेतलं. त्यांच्याच सोयरिकीतली बाई होती ती.