गाढवाचं गप्प राहणं

गव्हाणीत तोंड घालून उभं असलेलं गाढव लांबून पाहिलं, तर ते खातंय असंच वाटतं. जवळ जाऊन दोन मिनिटं थांबलं, की वेगळंच दिसतं. ओठ वैरणीवरून फिरत असतात, एखादी काडी तोंडात जाते आणि तशीच बाहेर पडते, पण घास गिळल्याची खूण नरड्यावर दिसत नाही. तासाभराने कडबा होता तेवढाच असतो. आजारी गाढवाचं हे नुसतं खाल्ल्यासारखं करणं पशुवैद्यकांच्या चांगल्या ओळखीचं आहे. मालकाचा मात्र ‘खातंय ना, मग ठीक आहे’ असा समज होतो आणि उपचाराचे सर्वांत मोलाचे तास निघून जातात. जनावर अत्यवस्थ झालं म्हणजे ते लोळेल, पाय झाडेल, ओरडेल अशी आपली अपेक्षा असते. ती घोड्याला पुष्कळदा लागू पडते, पण गाढवाला ती लावली तर जीव जातो. नेहमीपेक्षा मंद झालेलं, कान पाडून एका जागी उभं असलेलं गाढव हेच तातडीचं लक्षण धरायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गाढवाला मुळात दुखतंच कमी, सोसण्याचीच जात ती. पण पुरावा उलटा आहे. कामाच्या गाढवांवर झालेल्या एका चाचणीत काहींना मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं आणि काहींना औषध नसलेला डोस. वेदनाशामक मिळालेली गाढवं अधिक सावध झाली, डोळे मिटून पेंगणं कमी झालं. म्हणजे आधीचं पेंगणं हा स्वभाव नव्हता, ते दुखणं होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी गाढवांच्या वेदनेसाठी वेगळी गुणपट्टी तयार केली, तीही याच कारणाने. या वागण्याचं मूळ गाढवाच्या पूर्वजांत शोधता येतं. आफ्रिकेतलं रानगाढव कोरड्या, उजाड मुलखात विखरून राहतं. घोड्यासारखा मोठा कळप करून सुसाट पळणं ही त्याची रीत नाही. धोका दिसला की ते थांबतं, पाहतं, वेळ पडली तर झुंजतं. अशा प्राण्याने दुबळेपणा उघड दाखवणं म्हणजे शिकाऱ्याला बोलावणंच. जनुकीय पुराव्यानुसार गाढव माणसाळून सुमारे ७,००० वर्षं झाली, पण ही सवय मोडलेली नाही.

पोटशुळाचं उदाहरण घेऊ, कारण कामाच्या गाढवांत तो वारंवार दिसतो. घोड्याचं पोट दुखलं की तो खुराने जमीन उकरतो, मागे वळून कुशीकडे पाहतो, लोळतो. गाढवात यातलं बरंच काही दिसतच नाही. ते कळपापासून बाजूला होतं, मान खाली घालतं, लीद कमी टाकतं. आत मात्र मोठ्या आतड्याच्या वळणावर कोरड्या चोथ्याचा गोळा अडकलेला असू शकतो. पाणी कमी, वैरण जाडीभरडी, दात झिजून टोकदार झालेले आणि उकिरड्यावर खरकट्यासोबत गिळलेली प्लास्टिकची पिशवी, यांतलं एखाददुसरं कारण बहुधा सापडतं. गाढवाने लोळायला सुरुवात केली तर दुखणं फार पुढे गेलं, असंच समजावं. त्याआधी हाताशी असलेल्या तपासण्या साध्या आहेत. कुशीला कान लावला की निरोगी आतड्याची गुडगुड ऐकू येते. दोन्ही बाजूंना शांतता असेल तर ती वाईट. हिरडी ओलसर आणि फिकट गुलाबी असावी. स्वस्थ उभ्या गाढवाची नाडी मिनिटाला ४४च्या आसपास, श्वास २०च्या आसपास आणि तापमान ३७ अंश सेल्सियसच्या जवळ असतं. ऊन नसताना, काम नसताना नाडी साठीच्या वर राहिली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरला बोलवावं. डॉक्टर नाकावाटे जठरात नळी घालून लिक्विड पॅराफिन आणि पाणी सोडतात, वेदनाशामक देतात, गरज पडल्यास शिरेतून सलाइन लावतात. हेच तेल घरी बांबूच्या नळीने तोंडात ओतलं, तर ते सहज फुप्फुसात उतरतं आणि पोटाच्या जोडीला न्यूमोनिया होतो.

खाणं सुटणं गाढवासाठी विशेष घातक का, याचं उत्तर त्याच्या चयापचयात आहे. दुष्काळी मुलखात टिकायचं तर साठवलेली चरबी झटपट वापरता आली पाहिजे. गाढवाचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. पण आजारपण, लांबचा प्रवास किंवा जोडीदाराचा वियोग यामुळे खाणं थांबलं, की चरबी रक्तात सुटू लागते आणि ते सुटणं वेळेवर थांबत नाही. यकृत तिचं ट्रायग्लिसराइड करून पुन्हा रक्तात सोडतं, शेवटी स्वतःच चरबीने भरून निकामी होतं. याला हायपरलिपीमिया म्हणतात. अशा गाढवाचं रक्त काचेच्या नळीत काही वेळ उभं ठेवलं, तर वर येणारा, एरवी पिवळसर पारदर्शक असणारा थर दुधाळ दिसतो. तोवर बरीच हानी झालेली असते आणि उपचार करूनही पुष्कळ गाढवं दगावतात. आपल्याकडची गाढवं हडकुळी, त्यांना चरबीचा आजार कुठला, असं कोणी विचारेल. धोका लठ्ठ गाढवांना जास्त हे खरं; पण गाभण आणि पाजणाऱ्या गाढविणीही त्यात येतात, कारण पोटातलं किंवा अंगावरचं शिंगरू आधीच त्यांची ऊर्जा ओढत असतं. म्हणून मूळ दुखण्यावर औषध चालू असतानाच पोटात काहीतरी जात राहील हे पाहावं लागतं: हिरवा लुसलुशीत चारा, गूळपाणी, तेही घेतलं नाही तर डॉक्टरकडून नळीने किंवा शिरेतून ग्लुकोज. आजारी गाढवाला दवाखान्यात नेताना त्याचा जोडीदार बरोबर न्यावा. जोडीतलं एक मेलं तर उरलेल्याला त्या देहापाशी काही वेळ राहू द्यावं. जिवंत राहिलेल्याचं खाणं सुटू नये म्हणून पशुवैद्यकच हा सल्ला देतात.

पाण्याच्या बाबतीतही गाढवाची सहनशक्ती दिशाभूल करते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात सहारात उंट आणि गाढवांवर अभ्यास केला. शरीराच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी गमावूनही गाढव तग धरतं आणि पाणी समोर आलं की काही मिनिटांत ती तूट भरून काढतं, हे अशा अभ्यासांतून कळलं. पण याचाच दुसरा अर्थ असा, की थोडंबहुत पाणी कमी झालेलं गाढव बाहेरून ओळखूच येत नाही. रक्तातल्या पेशींचं प्रमाणसुद्धा १२ ते १५ टक्के पाणी जाईपर्यंत फारसं वाढत नाही, त्यामुळे घोड्याच्या हिशेबाने रक्त तपासणारा डॉक्टरही फसू शकतो. वीटभट्टीवर एप्रिल-मेच्या उन्हात खेपा करणारं गाढव धापा टाकू लागलं, अडखळलं, तर ओझं तिथेच उतरवावं, सावलीत न्यावं, अंगभर गार पाणी सतत ओतत राहावं आणि पिण्याचं पाणी समोर ठेवावं.

धनुर्वाताचं वेगळं सांगायला हवं, कारण तो टाळणं सर्वांत सोपं आणि बरा करणं सर्वांत अवघड. त्याचे जंतू माती-लिदीत असतातच. खुरात घुसलेला खिळा किंवा गोणीने सोलवटलेली पाठ त्यांना पुरते. चालणं ताठर होतं, जबडा आवळतो आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा बुबुळावर सरकतो. हा पडदा दिसला की अंधाऱ्या, शांत जागी बांधून लगेच डॉक्टर बोलवावा. लस मात्र स्वस्त आहे. आणखी दोन खुणा नाकाशी दिसतात. नाकातून लाळ आणि चारा एकत्र येत असेल तर घास अन्ननलिकेत अडकला आहे. अशा वेळी तोंडात काहीही ओतू नये. आणि नाकातून चिकट पू, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, त्याची खबर सरकारी दवाखान्यात देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यावर घरी उपचार करणं म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणं.

दिवसभर राबलेलं गाढव संध्याकाळी गप्पच असणार, मग रोज डॉक्टर बोलवायचा का, हा आक्षेप रास्त आहे. पण तुलना दुसऱ्या गाढवाशी करायची नाही, त्याच गाढवाच्या कालच्या वागण्याशी करायची आहे. थकलेलं गाढव वैरण दिसली की कान उभे करतं, गिळतं, लीद टाकतं. आजारी गाढवात यातलं निदान एक बिघडलेलं असतं. ही पारख वडार, कुंभार, बेलदार, कैकाडी कुटुंबांतल्या बायकापोरांना कुणाही तज्ज्ञापेक्षा जास्त आहे. त्यांच्याकडे नजर आहेच. त्या नजरेला दिसलेलं ‘आज जरा सुस्त आहे’ हे तातडीचं आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खर्चाचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याची रोजची भाकरी त्या जनावराच्या पाठीवर आहे, त्याला औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी एकाच दिवशी सोसवत नाही. म्हणून डाग दिला जातो, श्वास मोकळा व्हावा म्हणून नाकपुड्या चिरल्या जातात. यातून गाढव बरं झाल्याचे दाखले दिले जातात, पण सौम्य पोटशूळ आपोआपही उतरतो आणि श्रेय डागाला मिळतं. डागाची जखम मात्र उरते, आणि तीच धनुर्वाताची वाट होते. १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं, हे भट्टीभट्टीवर ठाऊक असायला हवं.

दोष निव्वळ मालकाचा नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सव्वा लाखाच्या आतबाहेर गाढवं उरली होती, २०१२पेक्षा सुमारे ६१ टक्के कमी. तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशी, शेळ्या रोज येतात, गाढव क्वचित. त्यामुळे घोड्याचं कोष्टक पाहून डोस ठरवला जातो. गाढवाच्या शरीरातून फिनाइलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, तेव्हा दोन डोसांमधलं अंतर कमी लागतं. नाकाचा मार्ग अरुंद, म्हणून नळीही बारीक लागते. हे शिकायला नवं महाविद्यालय काढावं लागत नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला गाढवांचे बाजार भरतात, दूरदूरची जनावरं एका माळावर येतात. पशुसंवर्धन विभागाने तिथे दात घासायची कानस, धनुर्वाताची लस आणि पशुवैद्यकशास्त्राचे विद्यार्थी घेऊन तंबू टाकावा. एरवी वर्षभरात भेटणार नाहीत एवढी गाढवं विद्यार्थ्यांना एका दिवसात तपासायला मिळतील, आणि मालकांची मजुरीही बुडणार नाही.