टोकेलाऊ: डिझेलच्या पिंपांपासून सौरपॅनेलपर्यंत

पॅसिफिकमधलं टोकेलाऊ ऐकलंय? तीन प्रवाळबेटं, दीडेक हजार माणसं, विमानतळ नाही. सामोआहून बोटीने पोचायला एक दिवसाहून जास्त लागतो. २०१२ पर्यंत इथली वीज डिझेलवर चालायची. ते डिझेलही पिंपांतून यायचं. जहाजाला लागायला धक्का नाही, म्हणून पिंपं छोट्या होड्यांत उतरवून प्रवाळरांगेतून किनाऱ्यावर आणायची. समुद्र खवळलेला असेल तर बसा वाट बघत!

मग न्यूझीलंडने पैसे पुढे केले आणि त्याच वर्षी ४,०३२ सौरपॅनेल आणि १,३४४ बॅटऱ्या बसल्या. मला विशेष वाटतं ते बॅटऱ्यांचं. पॅनेल हलकं, ते कसंही नेता येतं. पण बॅटरी म्हणजे शिसं. तीही त्याच होड्यांतून आणायची! आणि त्यांच्याशिवाय रात्री अंधारच. छोट्या बेटांची खरी अडचण हीच: ऊन फुकट, पण सामान आणायचा आणि सुरुवातीचा खर्च अंगावर येतो. त्यात खारा वारा लोखंडाला सोडत नाही.

गंमत म्हणजे, वीज भरवशाची झाली तशी फ्रीझरसारखी उपकरणं वाढली, वापर वाढला आणि डिझेल जनरेटरना पुन्हा हात लावावा लागला.