नाट्यशाळा सुटली तरी नाते सुटू नये

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी अभिनय शिकायला जाते, तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पोटाला चिमटा काढून शिक्षण पुरे होते, पदविका हाती येते आणि खरी परीक्षा मग सुरू होते. ज्यांचे काका-मामा या धंद्यात आहेत, त्यांना काम कुठे निघाले हे घरबसल्या कळते. आपल्या मुलांना असा मामा नसतो. त्यांचे या क्षेत्रातले हक्काचे घर एकच, त्यांची नाट्यशाळा. नेमके तेच घर अनेक जण सोडून देतात.

कारण बहुधा लाज असते. सोबतचा मालिकेत दिसू लागला, आपण अजून घरीच, मग सरांसमोर कोणत्या तोंडाने जायचे? अशी वर्ष-दोन वर्षे जातात आणि ओळख पुसट होते. आम्ही तर म्हणू, हाताला काम नसेल तेव्हाच शाळेची पायरी आधी चढावी.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले. शिकून बाहेर पडणाऱ्या कलावंतांना काम करता यावे म्हणून १९६४ साली विद्यालयाचे स्वतःचे रंगमंडळ उभे राहिले. शिमल्याजवळच्या खेड्यातून आलेले मनोहर सिंग १९७१ साली येथून पदविका घेऊन बाहेर पडले, रंगमंडळात राहिले आणि १९७६ ते १९८८ त्याचे प्रमुख होते. सुरेखा सिक्री यांनीही तेथे दहा वर्षांहून अधिक काळ काम केले. पडद्यावर लोकांनी त्यांना ओळखले ते पुढे. कला मुरली ती इथे.

आपल्याकडचे उदाहरण वामन केंद्रे यांचे. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून ते याच विद्यालयात शिकायला गेले. परत येऊन त्यांनी १९८७ साली ‘झुलवा’ रंगमंचावर आणले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या नाट्यविभागात विद्यार्थी घडवले आणि २०१३ साली ते आपल्याच विद्यालयाचे संचालक झाले.

नाते टिकवायला पैसा लागत नाही. पत्ता किंवा फोन बदलला तर शाळेत कळवावे. नव्या विद्यार्थ्यांचा प्रयोग असेल तेव्हा जावे. नुसते पाहून परतू नये, नेपथ्य उचलायला, प्रकाशयोजनेला हात लावावा. नव्या भूमिकेची तयारी सरांना दाखवावी, चूक विचारावी. आपल्याला जमत नसलेले काम दुसऱ्याला जमणारे असेल तर त्याला सांगावे. वस्तीत मुलांचे नाट्यशिबिर घ्यायचे असेल तर शाळेतल्या सोबत्यांना बोलवावे. आज आपण एखाद्या धाकट्याला वाट दाखवली, तर उद्या तोही आपल्याला हाक मारतो.

मात्र शाळा म्हणजे नोकरीचे खाते नव्हे. तेथे गेले की भूमिका मिळेलच असे नाही. मिळते ती ओळख, सराव आणि खरे बोलणारी माणसे. एकट्या पडलेल्या कलावंताला याहून मोठा आधार कोणता?

आईबापांनाही एक सांगणे आहे. मुलगा घरी बसलेला दिसला की “टीव्हीवर कधी दिसणार?” असे विचारून त्याला आणखी खाली पाहायला लावू नका. “सरांना भेटून किती दिवस झाले रे?” एवढेच विचारा आणि जमले तर गाडीभाड्याचे पैसे हातावर ठेवा.