अक्षर नुसते पाहून कळत नाही

हैदराबादेत सुलेखनाचे प्रदर्शन भरवायचे म्हटले तर सामग्रीची वाण नाही. मुसी नदीच्या काठी सालारजंग संग्रहालय आहे, पंजागुट्ट्याला ऐवान-ए-उर्दूत इदारा-ए-अदबियात-ए-उर्दूचा हस्तलिखितांचा संग्रह आहे आणि ‘सियासत’सारख्या उर्दू दैनिकाने खत्तातीच्या, म्हणजे अरबी-फारसी लिपीतल्या सुलेखनाच्या, वर्गांना व प्रदर्शनांना पाठबळ दिलेले आहे. लोकही येतात. सोनेरी शाईची चौकट दिसली की थांबतात, मान डोलावतात, मोबाइलवर फोटो घेतात आणि पुढच्या चौकटीकडे वळतात. ही ओळ कोणत्या शैलीतली, कलम कोणत्या कोनात धरले असेल, एखादे अक्षर इतके लांब ओढायची मुभा लिहिणाऱ्याला कुठून मिळाली, असे प्रश्न फार थोड्यांना पडतात. यात प्रेक्षकांचा दोष नाही. चित्र पाहायला डोळे पुरतात, अक्षर पाहायला थोडे शिक्षण लागते, आणि ते शिक्षण बहुतेक प्रदर्शनांत दिले जात नाही. म्हणून माझे म्हणणे असे की सुलेखनाच्या प्रदर्शनाला व्याख्यान आणि प्रात्यक्षिक ही हौसेची जोड मानू नये. तो त्या प्रदर्शनाचा निम्मा भाग आहे. तो गाळला तर भिंतीवर अक्षरांची चित्रे राहतात, आणि ती लिहू व वाचू शकणारी माणसे मात्र कमी होत जातात.

या शहराचा इतिहास पाहिला तर अक्षर इथे कधीच निव्वळ शोभेचे नव्हते. 1591 मध्ये चारमिनार उभा राहिला त्या काळात इराणातून दख्खनेत विद्वान, मुत्सद्दी आणि त्यांच्याबरोबर खत्तातही येत होते. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही कबरींवरच्या काळ्या दगडात कोरलेले लेख पाहावेत, किंवा बादशाही आशूरखान्याच्या भिंतींवर रंगीत फरशीकामात अलमच्या (मोहरमच्या निशाणाच्या) आकारात गुंफलेली अक्षरे पाहावीत. तिथे लेखनाने वास्तूला अर्थ दिलेला आहे. शेजारच्या विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या ‘किताब-ए-नौरस’ची प्रत खलीलुल्लाह या खत्ताताने लिहून पेश केली, तेव्हा शहाने त्याला ‘बादशाह-ए-कलम’ हा किताब दिला आणि खुद्द तख्तावर बसवले. ही गोष्ट 1617-18च्या सुमाराची. खत्ताताला इतका मान मिळे, कारण दरबारात त्याची पारख करणारे लोक होते. चांगला हात आणि साधा हात यांतला फरक सरदारांना, कारभाऱ्यांना, कवींना कळत होता, कारण त्यांनी स्वतः लहानपणी कित्ता गिरवलेला होता. जाणता प्रेक्षक होता म्हणून कला उंचीला गेली.

ही जाण म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उर्दू-फारसीच्या नस्तालीक या लेखनशैलीत अक्षराचे माप पट्टीने मोजत नाहीत, नुक्त्याने मोजतात. बोरूची तिरकी कापलेली जीभ कागदावर टेकवून एकदा ओढली की शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो. अलिफ किती नुक्ते उंच, बेची होडी किती नुक्ते लांब, नूनचा पेला किती खोल, हे सगळे त्या ठिपक्यात ठरलेले असते. म्हणजे कलम रुंद घेतले की अक्षर मोठे होते, पण प्रमाण तेच राहते. शिवाय नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वर सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, त्यामुळे ओळ कलती भासते आणि तरीही ती तोलून धरायची असते. हे एकदा कोणी फळ्यावर काढून दाखवले की त्यानंतर पाहिलेली प्रत्येक ओळ वेगळी दिसू लागते. ग्रंथकलेचेही तसेच आहे. कागदाला खळ लावून अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करणे, ओळींची आखणी, मजकुराभोवतीच्या रंगीत व सोनेरी रेषा, पहिल्या पानावरची नक्षीदार शिरोभूषा, कातड्याची बांधणी, आणि दख्खनेत विशेष बहरलेला अब्रीचा लाटालाटांचा कागद, अशी कितीतरी माणसांची कारागिरी एका पोथीत एकवटते. संग्रहालयात मात्र आपल्याला काचेखाली उघडी ठेवलेली दोन पाने दिसतात. सालारजंगच्या संग्रहात याकूत अल-मुस्तअसिमी या तेराव्या शतकातल्या थोर खत्ताताच्या नावे असलेली कुराणाची प्रत आहे. तिच्यासमोर उभे राहून नाव आणि शतक एवढेच कळले, तर आपण फारसे काही पाहिले नाही.

पूर्वी हे शिक्षण वेगळे द्यावे लागत नसे, कारण रोजचे काम हीच शाळा होती. उर्दू छपाई दीर्घकाळ शिळाछापावर चालली. कातिब, म्हणजे व्यावसायिक लेखनिक, खास शाईने मजकूर लिही, तो दगडावर उतरे आणि छापला जाई. मराठीतही सुरुवातीच्या काळात शिळाछाप चालला. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत छापलेले पंचांग शिळाछापाचेच होते. पण देवनागरीचे खिळे पुढे स्थिरावले आणि नस्तालीक मात्र खिळ्यांत बसेना. एका अक्षराचा आकार शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतो, जोडाक्षरांचे मनोरे रचले जातात, मग किती खिळे पाडणार? निजामाच्या राज्यातही असे प्रयत्न झाले, पण ते रुजले नाहीत. त्यामुळे उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण सुरू केले त्या काळापासून ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हैदराबादची पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिबांच्या हातावर उभी होती. छत्ता बाजारात लग्नपत्रिका आणि फलक लिहिणारे बसत. शिकाऊ पोरगा उस्तादाशेजारी बसून हात बसवी. 1981 मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने नूरी नस्तालीक हा संगणकीय टाइप वापरायला घेतला, 1990च्या दशकात ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर आले, आणि बघता बघता कातिबाची जागा यंत्राने घेतली. काम गेले तशी त्या कामात दडलेली शाळाही गेली. आज प्रदर्शन आणि व्याख्यान यांच्याकडून अपेक्षा करायची ती या रिकाम्या जागेमुळे.

इथे पहिला आक्षेप येतो तो अगदी रोकडा आहे. संगणकावर हवा तो फॉन्ट मिळत असताना हाताने लिहायला शिकायचे कशाला? पण तो फॉन्ट आला कुठून, हे विचारले की आक्षेपाची धार जाते. नूरी नस्तालीकमागे मिर्झा अहमद जमील हे होते, आणि ते मुळात खत्तात होते. वीस हजारांच्या आसपास जोडआकार त्या लेखणीच्या ज्ञानातून तयार झाले. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या लाखो लोकांनी वर्षानुवर्षे वापरलेला ‘मंगल’ हा टाइप र. कृ. जोशी यांनी रेखला. जोशी कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले शिक्षक होते. विलायतेतले उदाहरण याहून बोलके आहे. एडवर्ड जॉन्स्टन यांनी ब्रिटिश म्युझियममधली जुनी हस्तलिखिते न्याहाळून लेखणीचे तंत्र पुन्हा शोधले आणि 1899 पासून लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये त्याचे वर्ग घेतले. लंडनच्या भुयारी रेल्वेचा 1916 सालचा सुबक टाइप याच जॉन्स्टन यांचा, आणि टाइपरचनेत पुढे नाव कमावणारे एरिक गिल त्यांचे विद्यार्थी. संग्रहालयातली पोथी, तिच्यावरचा वर्ग आणि रस्त्यावरची पाटी अशी ती सरळ साखळी आहे. यंत्र अक्षर छापते, पण अक्षराचे वळण त्याला माणसाच्या हाताकडूनच घ्यावे लागते. जिथे असे हात उरत नाहीत तिथे पाट्या, पाठ्यपुस्तके आणि मोबाइलचे पडदे वाकड्या, गुदमरलेल्या अक्षरांनी भरतात, आणि ते वाकडे आहे हे सांगणाराही कोणी नसतो.

मराठी माणसाला याची किंमत वेगळी सांगायला नको, कारण मोडीच्या बाबतीत आपण ती मोजत आहोत. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता भरभर लिहीत जायचे, ही मोडीची रीत. शतकानुशतके कारभार त्यात चालला. विसाव्या शतकात ती छपाईतून आणि मग शाळांतून गेली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि ते वाचणारे मोजके. हैदराबादचे अशा जुन्या कागदांशी नाते जवळचे आहे. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि तारनाक्याच्या पुराभिलेखागारात मोगल काळापासूनचे फारसी कागद मोठ्या संख्येने जपलेले आहेत. निलंग्यात जन्मलेले आणि हैदराबाद संस्थानात अधिकारी राहिलेले सेतुमाधवराव पगडी फारसी सहज वाचत, म्हणूनच औरंगजेबाच्या छावणीतल्या बातम्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचल्या. लिपी वाचता येणे ही इतिहासाची पहिली पायरी असते. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ही चांगली गोष्ट झाली, पण सांकेतिक क्रमांक मिळाल्याने वाचक तयार होत नाहीत. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची वळणे देवनागरीच्या सुलेखनात आणली, ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दिली, तेव्हा कुठे तरुणांना त्या लिपीत पुन्हा रस वाटू लागला. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली लोकांसमोर बसून लिहिण्याची बाजू मला चित्रांइतकीच मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे. कला अनुभवायची असते, व्याख्यानाने तिचा चोथा होतो, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते वाईट व्याख्यानाच्या बाबतीत. सनावळ्या आणि विशेषणे वाचून दाखवणारा वक्ता खरोखरच रस मारतो. मात्र हातात बोरू घेऊन तोच एक शब्द तीन शैलींत लिहून दाखवणारा वक्ता रस वाढवतो. गाण्याच्या मैफलीत सम कळणाऱ्याला जास्त आनंद होतो, तसेच हे आहे. शिवाय अक्षराला अर्थ असतो, हे चित्रापेक्षा वेगळेपण विसरून चालणार नाही. मजकूर काय आहे हे न कळता सुलेखन पाहणे म्हणजे अर्धेच पाहणे. प्रत्येक चौकटीखाली उर्दू, तेलुगू, मराठी आणि इंग्रजीत अर्थ लिहिला तरी पुष्कळ साधेल.

तिसरा आक्षेप उघडपणे कमी बोलला जातो. खत्ताती ही एका धर्माची कला, तिच्याशी आपला काय संबंध, असे अनेकांना मनातून वाटते. पवित्र ग्रंथाच्या लेखनामुळे या कलेला मोठी प्रतिष्ठा मिळाली हे खरेच आहे. पण नस्तालीकमध्ये जमीनमहसुलाचे हिशेब, सनदा, इनामपत्रे, गझला आणि प्रेमकथाही लिहिल्या गेल्या, आणि त्या लिहिणाऱ्यांत हिंदू मुनशी आणि कायस्थ पुष्कळ होते. संस्थानाचे दिवाण महाराजा किशन प्रसाद हे ‘शाद’ या नावाने उर्दू-फारसीत कविता करत. आजच्या काळात अनिल कुमार चौहान हे हैदराबादचे कलाकार अनेक मशिदींच्या भिंतींवर कुराणातली अरबी वचने लिहिण्यासाठी ओळखले जातात. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता ते उर्दू शिकले. ज्याने मन लावून गिरवले त्याचा हात बसला, असाच या शहराचा अनुभव आहे.

मग करायचे काय? खर्चिक असे काही नाही. प्रदर्शनाच्या प्रत्येक दिवशी एक तास प्रात्यक्षिकाचा ठेवावा. प्रेक्षकाच्या हाती बोरू, दौत आणि आखलेला कागद द्यावा आणि निदान एक अलिफ, एक ‘अ’ त्याच्याकडून काढून घ्यावा. एक रेघ ओढायला किती धीर लागतो हे हाताला कळले की डोळा आपोआप शिकतो. छत्ता बाजारातल्या वयस्क कातिबांना पाहुणे म्हणून मंचावर नुसते बसवू नये, शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे. आणि चार लिप्यांना एकत्र आणावे. तेलुगूत चित्रकार बापूंच्या हस्ताक्षरावर आजही लोक जीव टाकतात. उर्दूत कातिबांची परंपरा आहे, देवनागरीकडे र. कृ. जोशींचा वारसा आहे, मोडीकडे न वाचलेले कागद आहेत. आयआयटी मुंबईने 2008 पासून ‘टायपोग्राफी डे’च्या निमित्ताने अनेक लिप्यांच्या अभ्यासकांना एका मंचावर आणले. या सर्व परंपरा शेजारी शेजारी नांदलेल्या हैदराबादला ते आणखी सोपे जावे.

शेवटची विनंती हैदराबादच्या मराठी मंडळींना. मराठी ग्रंथसंग्रहालय आणि मराठी साहित्य परिषद यांच्यासारख्या संस्था या शहरात अनेक दशके वाचनसंस्कृती सांभाळत आल्या आहेत. त्यांनी वर्षातून एकदा मोडी आणि देवनागरी सुलेखनाचा वर्ग घ्यावा, त्यात एखाद्या उर्दू खत्ताताला आणि तेलुगू अक्षरकाराला बोलवावे आणि शेवटी विद्यार्थ्यांच्याच कामाचे प्रदर्शन भरवावे. घरात आजोबा-पणजोबांची मोडी पत्रे असतील तर ती तिथे आणावीत. त्यांतले एक पत्र जरी घरातल्या मुलाने स्वतः वाचले, तरी त्या वर्गाचा खर्च वसूल झाला असे समजावे.