गाडी निडीलाच थांबली!



आपल्यापैकी कितीतरी जणी पेण-रोहा गाडीने ये-जा करतात. पेण सुटलं की कासू, मग नागोठणे, मग निडी आणि शेवटी रोहा. आज याच गाडीच्या आधाराने एक वेगळा विषय समजून घेऊ. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत, त्यांना संगणकाचं प्रोग्रामिंग कसं शिकवायचं?

प्रोग्रामिंग म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. लहान मुलांना त्या टाइप कराव्या लागू नयेत म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने २००७ साली 'स्क्रॅच' आणलं. ते मोफत मिळतं. त्यात प्रत्येक सूचनेचा एक रंगीत ठोकळा असतो. माउसने ठोकळे ओढून एकाखाली एक जोडले की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंग आहे.

एका शाळेच्या संगणक खोलीत मी हा तास पाहिला. सगळी मुलं ठोकळे जोडत होती. एक मुलगी भिंतीकडेच्या खुर्चीवर बसली होती. तिला दिसत नव्हतं. बाई मायेनेच म्हणाल्या, "तू नुसतं ऐक हं." पण ऐकायचं काय? माउसची टिकटिक?

त्या मुलीला डोकं नव्हतं का? होतं की! अडचण होती ती दाराची. पडदा वाचून दाखवणारे 'एनव्हीडीए'सारखे मोफत प्रोग्राम आहेत आणि ते मराठीही वाचतात. पण बघून उचलायचा, ओढायचा आणि नेमक्या जागी सोडायचा ठोकळा नुसत्या वाचून दाखवण्याने हाती लागत नाही. ज्याचा हात थरथरतो, त्या मुलालाही हेच जड जातं.

मग आपण ठोकळेच हातात देऊ. तीन रिकाम्या आगपेट्या घ्या. एकीला काथ्या चिकटवा, ती 'पुढच्या स्टेशनवर जा'. दुसरीला गुळगुळीत बटण, ती 'थांब'. तिसरीला घुंगरू, ती 'स्टेशनचं नाव सांग'. तिन्ही ओळीत ठेवून रबराने बांधा आणि शेजारी वाटीत चार चिंचोके ठेवा. अर्थ असा, की ही तीन कामं चार वेळा करायची. यालाच प्रोग्रामिंगमध्ये 'लूप' म्हणतात, म्हणजे फेरा.

आता पाच खुर्च्या मांडा, पहिली पेणची. दुसरं एखादं मूल गाडी होईल आणि पेट्या सांगतील तेवढंच करील. समजा, वाटीत चुकून तीनच चिंचोके पडले. गाडी म्हणेल, "कासू... नागोठणे... निडी," आणि थांबेल. रोहा आलंच नाही! न दिसणाऱ्या मुलीलाही चूक कानाने कळते. ती वाटी चाचपते आणि एक चिंचोका वाढवते. चूक शोधून आपणच दुरुस्त करणं हा प्रोग्रामिंगचा गाभा आहे आणि तो तिने अनुभवला.

ऐकू न येणाऱ्या मुलासाठी गाडीने नाव बोलण्याऐवजी पाटी दाखवावी किंवा खूण करावी. हात न चालणाऱ्या मुलाने नजरेने किंवा मानेने पेटी निवडावी, दुसऱ्याने ती ठेवावी. मात्र ठेवणाऱ्याने सुचवायचं नाही. ज्याला समजायला वेळ लागतो, त्याला आधी एकच पेटी द्यावी. ती जमली की दुसरी.

हा विचार मोठ्या संस्थांनीही केला आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तारांनी जोडायचे जाडजूड ठोकळे तयार केले. ते जोडले की गाणं किंवा गोष्ट ऐकू येते. २०१९ पासून 'कोड जंपर' या नावाने अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणारी एक अमेरिकन संस्था ते पुढे नेत आहे. आपल्या आगपेट्यांमागचं तत्त्वही हेच: हाताने जोडा, कानाने तपासा. पुढे मूल मोठं झालं की पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने कीबोर्डवरून सूचना लिहायला शिकू शकतं. अनेक अंध व्यक्ती आज असंच काम करतात.

शाळेत हे मागायला संकोच करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ प्रमाणे चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शिकण्याचं साहित्य आणि योग्य सहायक साधनं मोफत द्यायची आहेत. पालकसभेत एकच प्रश्न विचारा, "कोडिंगच्या तासाला माझं मूल काय करतं?" उत्तर 'बसतं' किंवा 'ऐकतं' असं आलं, तर आगपेट्या, घुंगरू आणि चार चिंचोके घेऊन बाईंना भेटा. भांडायला नको, दाखवायला जा.