घराण्यातील विस्मृती

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. आजोबा जेवून उठले आणि पुन्हा ताट मागू लागले, किंवा रोजची वाट चुकले, की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक हा स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार असू शकतो. ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगविलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जाऊन हरवतात. विद्वत्तेलाही हा आजार सोडत नाही.

स्मृतिभ्रंशाचा मुख्य प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचा पहिला रुग्ण जगापुढे मांडला. हा आजार घराण्यातून येतो काय? म्हातारपणी होणारा बहुधा तसा येत नाही. आजीला झाला म्हणून नातवाला होईलच असे नाही. मात्र फार थोड्या घराण्यांत एका सदोष जनुकामुळे तो चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. तेथे प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. तो आहे की नाही हे चाचणीने कळते. पण आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही.

मग कळून घ्यावे काय? हंटिंग्टन या अशाच आनुवंशिक आजाराने अमेरिकेतील नॅन्सी वेक्सलर यांची आई गेली. वेक्सलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी १९९३ साली त्याचे जनुक सापडले, चाचणी सोपी झाली. पण त्यांनी स्वतः ती करून घेतली नाही. आपल्यालाही तो आजार असल्याचे त्यांनी २०२० साली जाहीर केले. कळून घेणे हा हक्क आहे, सक्ती नव्हे.

आपल्या अजिंठ्यासारख्या गावात प्रश्न सोयरिकीपाशी अडतो. ‘त्या घरात वेड आहे’ अशी कुजबुज झाली की स्थळ मोडते; म्हणून दुखणे झाकले जाते. पण चाचणी ही काही पत्रिका नव्हे. ती सोयऱ्यांनी मागू नये, वडीलधाऱ्यांनी लादू नये. सज्ञान माणसाने डॉक्टरांशी सविस्तर बोलून स्वतः ठरवावे.

त्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉईडचा विकार यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. तेव्हा देवऋषी गाठण्यापूर्वी संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठावे. शिवाय म्हाताऱ्यांचे सारे एकट्या सुनेवर न टाकता मुलांनीही पाळी धरावी. घराण्यातून आजार येत असेल वा नसेल. सेवेची रीत मात्र आपण घराण्यात आणू शकतो.