दीर्घ पल्ल्याचे धावपटू, पूरके आणि आपले औषधयोग

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि तेव्हापासून दिवाळी सरली की आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत एक निराळा ग्राहक येऊ लागला. त्याला व्याधी नसते. त्याला दम टिकवावयाचा असतो. शिलाजित वा अश्वगंधेची जाहिरात दाखवून तो विचारतो, “याने माझी वेळ कमी होईल का?”

आम्ही प्रथम त्याचा आहार विचारतो. दीर्घ धावण्यात स्नायू व यकृतातील ग्लायकोजेन सरले की पाय जड होतात. तासाभराहून अधिक श्रमात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेतल्याने लाभ होतो. केळे, खजूर वा गूळपाणी हे काम बऱ्याच अंशी करतात. दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफिनचा उपयोगही सिद्ध आहे व २००४ पासून ते निषिद्ध यादीत नाही. लोह मात्र रक्ततपासणीत न्यूनता आढळली तरच द्यावे. धावपटू थकलेला दिसला की मंडूर लिहून देण्याची आपली सवय येथे आवरलेली बरी. अश्वगंधेने ऑक्सिजन-ग्रहणक्षमता वाढल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. परंतु त्या लहान आहेत, त्यांवरून मॅरेथॉनच्या वेळेची हमी देता येत नाही. (वाग्भटांनी व्यायाम अर्धशक्तीनेच सांगितला आहे, पण ४२ किलोमीटर धावणाऱ्यास ते कोण पटविणार!)

खरी चिंता वेगळी आहे. ‘आयुर्वेदिक आहे, निर्धास्त घ्या’ हे आपले नेहमीचे वाक्य स्पर्धक खेळाडूच्या बाबतीत खरे नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्ट्रिक्निन आहे, म्हणजे आपला कुचला. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, नाहीसे होत नाही. अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी आपण सहज लिहितो. दोन्हींत कुचला आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्स यांना वाटेत स्ट्रिक्निन व ब्रँडी पाजली होती. तेव्हा ते नियमबाह्य नव्हते, आज आहे. श्वासावर दिल्या जाणाऱ्या सोमकल्पात एफेड्रिन असते. स्पर्धाकाळी मूत्रात दर मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास तो दोष ठरतो. जातिफलादि चूर्णातील भांग व अहिफेनयुक्त योगही स्पर्धाकाळात निषिद्धच. अतिसारावर आपण दिलेली पुडी खेळाडूला महाग पडू शकते.

शरीरात काय गेले याची जबाबदारी नियमांनुसार खेळाडूचीच असते. २०११ साली भारतीय महिला रिले चमूतील धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड आढळले. जिनसेंगच्या पूरकातून ते आले असावे, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही त्यांची एक वर्षाची बंदी क्रीडा लवादाने २०१२ मध्ये दोन वर्षांची केली. आपल्या देशात आता २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही आहे.

म्हणून औषधालय-चालकांना आमची विनंती आहे की, घटकद्रव्यांची संपूर्ण यादी नसलेले ‘शक्तिवर्धक’ खेळाडूस विकू नये व विकलेल्या मालाचा बॅच क्रमांक पावतीवर लिहावा. कोणतेही पूरक ‘क्रीडा संस्थेने मान्य केलेले’ म्हणून विकले जात असेल तर संशय घ्यावा. जागतिक संस्था पूरकांना प्रमाणपत्र देत नाही.

प्रांजळपणे सांगावयाचे तर हे भान आम्हांस उशिरा आले. राज्यस्तरावर धावणारी एक युवती अग्निमांद्याची तक्रार घेऊन आली असता आम्ही नेहमीप्रमाणे अग्नितुंडी लिहिली. “वैद्यराज, यात काय काय आहे ते लिहून द्याल का? आमचे सर विचारतात,” असे ती म्हणाली, आणि घटक लिहिता लिहिता आमची लेखणी कुचल्यापाशी थांबली. ती चिठ्ठी फाडून हिंग्वाष्टक दिले. ‘स्पर्धेत उतरता का?’ हा रकाना आम्ही त्याच आठवड्यात केसपेपरवर छापून घेतला.